दोरा नसलेली दोन पाकिटं

बाबांचा शेवटचा साधासुधा दिवस सुरू झाला तो माती सांडण्याने.

सकाळचे साडेनऊ. त्यांची लेक संस्थेच्या वरच्या मजल्यावरून रोपांचा ट्रे दोन्ही हातांत धरून जिना उतरत होती आणि खालून एक माणूस खांद्यावर पोतं घेऊन चढत होता. जिना अरुंद. कोणीतरी बाजूला सरायला हवं होतं. दोघंही सरले, पण एकाच बाजूला. मग दुसऱ्या बाजूला, पुन्हा दोघंही. तिसऱ्या खेपेला पोतं कठड्याला घासलं, शिवण उसवली आणि तांबूस माती पायऱ्यांवरून झरझर खाली निघाली.

"अहो, थांबा, थांबा!"

"कोणाला सांगताय? मला की मातीला?" उसवलेल्या जागी तळवा दाबून धरत तो म्हणाला. मग त्याच अवस्थेत, जणू काही झालंच नाही अशा सुरात, "मुळांवर काम करणाऱ्या बाई कुठं बसतात?"

"काय काम आहे?"

"त्यांनी आमच्या डोंगरावरची माती मागवली होती. पाच किलो." त्याने पायऱ्यांकडे नजर टाकली. "आता साडेतीन असेल..."

"त्या बाई फार कडक आहेत," ती गंभीरपणे म्हणाली. "पाच म्हणजे पाच मोजून घेतात."

"तसं ऐकलंय खरं. पत्रात नमस्कारसुद्धा लिहीत नाहीत. 'विषय: मातीचे नमुने' आणि खाली सही. मला वाटलं, बाईंच्या घरी शाईची टंचाई आहे."

ट्रे पायरीवर ठेवून तिने खिशातली नमुन्यांची पिशवी काढली आणि पोत्याच्या भगदाडाखाली धरली. पिशवीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याने ते अक्षर पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं... आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, अगदी त्याच्या मातीसारखा.

"नमस्कार," तो म्हणाला. "तोंडी चालेल ना?"

तो डोंगरावरच्या माती तपासणी केंद्रातला अधिकारी होता. गेली दोन वर्षं दोघांची ओळख होती ती फक्त कागदावर. त्याच्या भागातली माती आंबट होती, इतकी की गहू बोटभर उगवायचा आणि मुकाट्याने पिवळा पडायचा. कोणत्या जातीचा गहू तिथं तग धरेल, हे शोधायचं काम तिचं. चाळीस जातींतून बारा निवडल्याचा अहवाल तिने नुकताच पाठवला होता.

झाडून-पुसून झाल्यावर तिने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली मुळाचं एक टोक दाखवलं. टोक गडद जांभळं होतं.

"सुंदर रंग आहे," तो म्हणाला.

"मेलंय ते. माती आंबट झाली की तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळाच्या टोकात शिरतं. टोक खुंटलं की रोप संपलं. या रंगात बुडवलं की जिथं ॲल्युमिनियम शिरलंय तिथं जांभळं होतं."

"आणि जे तग धरतात?"

"ते पांढरे राहतात. त्यांच्या टोकाच्या पेशींच्या पडद्यात एक प्रथिन असतं. दारवानासारखं. ॲल्युमिनियम जवळ आलं की ते दार उघडतं आणि आतलं एक आम्ल बाहेर सोडतं. कच्च्या सफरचंदात असतं ना, तेच. ते आम्ल ॲल्युमिनियमला बाहेरच धरून ठेवतं. आत येऊ देत नाही."

"म्हणजे आंबट मातीत आणखी आंबट ओतायचं? हे तर आगीतून फुफाट्यात झालं."

"आंबटपणाचा प्रश्न नाही. कोणी कोणाला धरून ठेवलंय याचा आहे."

तो पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकला. मग म्हणाला, "थोडक्यात, जे मूळ मनातलं बाहेर काढतं, ते जगतं."

"मुळाला मन नसतं."

"बरोबर," तो म्हणाला. "तुम्ही नमस्कार न लिहिणाऱ्याच."

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. बाबा याच संस्थेत चौतीस वर्षं माळी होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण काचघराची किल्ली परत करायची राहून गेली होती, आणि रोज सकाळी ती परत करायला म्हणून ते येत. संध्याकाळी किल्ली खिशात घालून लेकीबरोबर घरी जात. आता कोणी मागतही नव्हतं.

"मास्तरीणबाई," बाबा तिला याच नावाने हाक मारत, ती चार वर्षांची असल्यापासून, "पाहुण्याला नुसती मेलेलीच मुळं दाखवणार, की जिवंत काही दाखवायचं?"

आणि ते मातीवाल्याला काचघरात घेऊन गेले. ती खिडकीतून बघत होती. दोघं कुंड्यांवर वाकले होते. बाबांच्या हातात त्यांचं नेहमीचं दोऱ्याचं रीळ होतं, ते काहीतरी समजावून सांगत होते आणि तो मान डोलावत होता. मग घड्याळ लावलेला फवारा अचानक सुरू झाला. बाबांना वेळ पाठ; ते दोन पावलं आधीच सरकले. पाहुणा मात्र डोक्यापासून भिजला. दोघं हसायला लागले, असे की काचेपलीकडे तिलाही ऐकू यावं. बाबांना इतकं हसताना तिने आई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी, पाच वाजता, तिने बाबांना पकडलं.

नव्या रोपांच्या कुंड्यांपाशी ते उकिडवे बसले होते. एका हातात डबी. दुसऱ्या हाताच्या चिमटीत चुना.

"बाबा... काय करताय?"

ते दचकले नाहीत. "हे बघ ना, कसं मान टाकून बसलंय. चिमूटभर दिला की माती गोडी धरते. उठेल उद्यापर्यंत."

"बाबा, ते मान टाकतंय की नाही हेच मला बघायचंय! तोच तर प्रयोग आहे!" आणि मग, "गेल्या खेपेलाही?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "काहींना."

अहवाल गेला होता. बारा जाती. त्यांतल्या किती आपल्या जोरावर उभ्या राहिल्या आणि किती बाबांच्या चिमटीवर, कोण सांगणार? कुंड्यांतली माती तर केव्हाच ओतून दिली होती.

"ही दया नाही बाबा," ती म्हणाली. "ही लबाडी आहे."

चौतीस वर्षांत त्यांना हा शब्द कोणी लावला नव्हता. ते हळूच उठले, गुडघ्यावर हात देऊन. "कोणाकोणाला दिला ते सांगतो ना. मी काही—"

"उद्या बोलू."

घरी जाताना ती दोन पावलं पुढंच चालत राहिली. जेवताना त्यांनी एकदा सलोख्याचा प्रयत्न केला. "मातीवाला कसा वाटला गं?"

"कोण मातीवाला?"

बाबा नुसतं हसले. ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं.

सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच, डॉक्टर म्हणाले. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना. सगळे हेच सांगत राहिले, जणू त्यात काही दिलासा आहे.

आत्या येऊन पंधरा दिवस राहिली. तिने भावाचे सदरे घडी घालून ठेवले, खिसे तपासले आणि दोऱ्याचं रीळ टेबलावर आणून ठेवलं. "तुझा बाप न बोलता करून मोकळा होणारा," ती म्हणाली. "आणि तू न बोलता धरून बसणारी. दोघांना एका घरात ठेवून वहिनी निघून गेली, शहाणी." मग स्वतःच डोळे पुसायला लागली. भाचीचे मात्र कोरडे होते. तिने आत्याला पाणी दिलं.

ती कामावर परतली त्या बुधवारी तो आला. दारात उभा राहिला, चपला काढू की नको अशा घोळात.

"मला अशा वेळी काय बोलायचं ते येत नाही," तो म्हणाला. "म्हणून माती आणलीय. पोतं नवीन आहे... दुहेरी शिवण."

ती हसली नाही. पण गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं की हसता आलं असतं.

मग तो दर बुधवारी येऊ लागला. कधी मातीचे नमुने, कधी केंद्राची पत्रं, कधी नुसतीच शंका. "ते प्रथिन... म्हणजे ते दार... एकदा उघडलं की बंद होतं का?" "ॲल्युमिनियम लांब गेलं की होतं." "आणि न उघडताच गंजलं तर?" "तुम्ही माती तपासता की माणसं?" "दोन्हींसाठी आधी थोडं उकरावं लागतं." असं बोलून तो स्वतःच लाजायचा आणि ओंजळभर माती उगाच चाळत बसायचा. तिला त्याची बोटं बघायची सवय लागली. माती चिमटीत घेऊन तो ती अंगठ्याने हळू पसरायचा, जशी कोणाच्या तळहातावरची रेषा बघावी तशी. फवाऱ्याची वेळ त्याला अजून पाठ झाली नव्हती. की झाली होती, आणि तरी तो भिजत होता? एकदा तिने त्याला पुसायला पंचा दिला. तो बाबांचा होता, हे देऊन झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. त्यालाही कळलं असावं. त्याने तोंड पुसून पंचा नीट चौघडी करून, दोन्ही हातांनी परत दिला.

आणि प्रत्येक बुधवारी तिने ठरवलं की आज सांगायचं. प्रत्येक बुधवारी ती त्याच्या शंकांची उत्तरं देत बसली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझ्या बाबांनी प्रयोग नासवला? जो माणूस आता बोलायला नाही, त्याच्याबद्दल? कपाटात ठेवलेल्या बारा जातींच्या पाकिटांतलं थोडं थोडं बी घेऊन आठवड्याभरात पुन्हा तपासता आलं असतं. तिने ते केलं नाही. बाराच्या बारा जांभळी निघाली तर बाबांच्या नावावर शेवटचं काय राहिलं असतं? डबी आणि चिमूट. आणि तिचा तो शब्द.

इकडे तो डोंगरावरच्या गोष्टी सांगायचा. नऊ वाड्यांनी मिळून एक पट्टा दिलाय. बारा जातींसाठी बारा वाफे आखलेत. एक म्हातारी रोज विचारते, 'तुझ्या बाईंचं बी कधी येणार?'

"तुझ्या बाईंचं?" तिने विचारलं.

"ती म्हातारी तसं म्हणते," तो घाईघाईने म्हणाला. "मी नाही."

सहाव्या बुधवारी तो बी न्यायला आला. पेरणी दहा दिवसांवर आली होती. तिने कपाटातून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. बाबांनीच ओंब्या मळून, बी निवडून कागदी पाकिटांत भरलं होतं. तिने पोच लिहिली, त्याने सही केली. तिने खोकं पुढं केलं. त्याने धरलं.

तिने सोडलं नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सोडा ना."

"नाही सोडता येत."

खोक्याच्या दोन कडांना चार हात. त्याला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

तिने सांगितलं. डबी, चिमूट, गेली खेप. अहवाल. एका दमात, जमिनीकडे बघत. बोलून झाल्यावर तिच्या कानात नुसता फवाऱ्याचा आवाज राहिला.

त्याने हात काढून घेतले. "सहा आठवडे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. "सहा आठवडे मी तिथं बारा वाफ्यांचे दगड वेचतोय. लोकांना शब्द दिलाय मी. तुम्ही मला पहिल्या बुधवारी सांगितलं असतंत तर..."

"माहीत आहे."

"मग का नाही?"

"कारण ते बाबा होते."

तो टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला. बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांत धरून राहिला. तिला वाटलं, आता उठेल, पोच फाडेल, आणि या दारातून पुन्हा माती येणार नाही. मग त्याचे खांदे किंचित हलले.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुमच्या वडिलांनी आपल्या सगळ्यांना... चुना लावला."

बोलल्याक्षणी त्याने जीभ चावली. पण ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग धरवेना म्हणून उघड उघड. आणि हसता हसताच कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. तो जागचा उठला नाही. नुसता खिशातून रुमाल काढून टेबलावर, तिच्या हाताला लागेल असा, ठेवला.

रडणं ओसरल्यावर त्याने विचारलं, "कोणाला दिला होता, ते बोलले नाहीत?"

"सांगत होते. मी म्हटलं, उद्या बोलू."

त्याने मान हलवली. खोकं जवळ ओढलं आणि पाकिटं एकेक करून बाहेर मांडू लागला, काहीतरी करायला हवं म्हणून. मध्येच थांबला.

"या दोन पाकिटांना दोरा नाही."

खरंच. दहा पाकिटांची तोंडं दोऱ्याने बांधलेली होती. दोन नुसती दुमडलेली. "संपला असेल," ती म्हणाली.

"संपला?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "रीळ त्यांच्या हातात होतं. त्या दिवशी. मी विचारलं होतं ना त्यांना, काही रोपांनाच दोरा का? म्हणाले, 'औषध दिलं की दोरा बांधायचा. माळ्याची खूण असते ती. नाहीतर माया उतू जाऊन एकाच रोपाला दोनदा दिलं जातं, आणि दोनदा दिलं की रोप मरतं.' मला वाटलं, औषध म्हणजे कीडबीड... रोप कापलं तरी त्याचा दोरा बियांच्या पाकिटावर बांधून ठेवतो, असंही म्हणाले. 'आपण काय दिलं ते लपवू नये.'"

तिने एक पाकीट हातात घेतलं. दोरा दोनदा फिरवून, बाबांच्या खास पद्धतीने, एका बाजूला गाठ. हा दोरा तिने कितीदा तरी पाहिला होता.

"तपासू या," ती म्हणाली. "बाराच्या बारा."

बी भिजवलं. जाळीवर मांडलं. अंकुर फुटले, मुळं उतरली. पाचव्या दिवशी तिने ती ॲल्युमिनियम विरघळवलेल्या आंबट पाण्यात ठेवली, दिवसभर. सहाव्या दिवशी तो सकाळीच आला, बुधवार नसताना, हातात काहीही नसताना. तिने मुळं रंगात बुडवली, स्वच्छ पाण्यात धुतली आणि बारा बशा खिडकीपाशी ओळीने लावल्या.

दोरा असलेली दहा... जांभळी. एकेक बशी बघून ती बाजूला सारत गेली.

दोरा नसलेल्यांपैकी एकाच्या टोकावर फिकी छटा होती, धुवट, जेमतेम. आणि दुसरं...

"तुम्ही बघा," ती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली. "माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

तो वाकला. खूप वेळ वाकूनच राहिला.

"पांढरं," तो म्हणाला. "लख्ख पांढरं. याने कोणाची चिमूट घेतलेली नाही."

"बारा वाफ्यांचं काय?"

"एकात हे पांढरं पेरू. दुसऱ्यात ते फिकं. बाकीच्यांत लोकांना खरं काय झालं ते सांगू. दगड वेचलेले काही वाया जात नाहीत." मग मान वर न करताच, "म्हातारीला मात्र तुम्हीच येऊन सांगायचं. ती माझं ऐकत नाही."

"नवा अहवाल लिहीन. चुन्यासकट. आणि दोऱ्यासकट."

"नमस्कार लिहा या वेळी."

ती काचघरात गेली. बाबांचं स्टूल फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर, नेहमीच्या जागी होतं. काचेवरून थेंब ओघळत होते आणि ओल्या मातीचा वास दाटला होता. तिच्या मुठीत एका पाकिटावरचा सोडवलेला दोरा होता. मातीवाला मागून दारापर्यंत आला होता आणि तिथंच थांबला.

"बाबा," ती म्हणाली. रिकाम्या जागेशी बोलताना आवाज आधी चोरटा निघाला. मग तिने तो मोकळा केला. "बाबा, ती लबाडी नव्हती. तुम्ही सगळं बांधून ठेवलं होतंत. मी बघितलं नाही. मी चुकले."

मागे दाराची कडी वाजली. "मी बाहेर थांबतो," तो पुटपुटला.

"नका जाऊ. पुढचं तुमच्याबद्दल आहे."

ती मागे वळली नाही. दोरा बोटाभोवती दोनदा फिरवला आणि एका बाजूला गाठ मारली.

"आणि बाबा... तुम्ही विचारलं होतंत ना, मातीवाला कसा वाटला? आवडला. त्याच दिवशी. जिन्यातच."